63 नावांची यादी आणि 7 जणांची मीटिंग

पत्र लांब होतं, कामापुरतं कापून देतेय:

"ताई, मी व्हायोलिन शिकवते. आमच्या विभागातल्या तंतुवाद्य शिक्षकांची एक संघटना आहे, व्हायोलिन आणि त्याची मोठी भावंडं व्हायोला, चेलो, बास सगळे. गेल्या वर्षी मला सेक्रेटरी केलं, म्हणजे मी त्या मीटिंगला उशिरा पोचले तोवर ठरलं होतं. यादीत 63 नावं, वर्गणी भरलेले 38, मीटिंगला येणारे 7. वर्षातून एक स्पर्धा आणि एक सामूहिक वादन करतो आणि प्रत्येक स्पर्धेनंतर दोन जण तरी रुसतात, यावेळी तर परीक्षकाच्याच विद्यार्थ्याला पहिलं बक्षीस मिळालं त्यावरून ग्रुपवर तीन दिवस वाद. दोन शिक्षकांमधे विद्यार्थी पळवल्यावरून बोलणं बंद आहे आणि आता सगळे म्हणतात असा नियमच करा की कोणी कोणाचा विद्यार्थी घ्यायचा नाही, आणि करताच आहात तर सगळ्यांची फी पण एकच ठरवून टाका. हिशोब संस्थापक सरांच्या वहीत असतो, विचारलं की ते म्हणतात माझ्यावर विश्वास नाही का. माझा स्वतःचा रियाज बंद पडलाय. सोडून द्यावं का? आणि प्लीज मला तू म्हणा."

बरं, तू म्हणते.

उशिरा पोचले म्हणून सेक्रेटरी झाले हे वाचून हसले मी आणि मग जरा वाईटही वाटलं, कारण मी पण तशीच झाले होते, मी तर उशिरा पण नाही, गैरहजर होते, दुसऱ्या दिवशी फोनवर कळलं. मी चेलो शिकवते. आमच्याकडे नऊ वर्षं सेक्रेटरी होते, त्यातली पहिली चार तुझ्यासारखीच काढली, म्हणजे सगळं एकटीने आणि सगळं रागाने. त्यामुळे पुढे जे लिहिलंय ते शहाणपणातून आलेलं नाही, ठेचा खाऊन आलंय.

तुझं पूर्ण पत्र मी दोनदा वाचलं आणि एक गोष्ट टोचली. त्यात हॉल आहे, सर्टिफिकेटं आहेत, पालक आहेत, ट्रॉफ्या आहेत, रुसवे आहेत, पण या 38 शिक्षकांना संघटनेतून शिक्षक म्हणून काय मिळतं याबद्दल एक वाक्य नाही. एक पण नाही गं. नाव शिक्षक संघटना आणि वर्षभर काम काय तर मुलांचे कार्यक्रम. त्यात शिक्षक काय करतो, मुलं आणतो, छोट्या व्हायोलिनी सुरात लावून देतो, खुर्च्या उचलतो, निकाल ऐकतो, तोंड पाडून घरी जातो. वर्गणी भरून हमाली. मला तर वाटतं 7 येतात हेच खूप आहे.

आपला धंदा विचित्र एकटेपणाचा आहे ना. शाळेतल्या मास्तरांना निदान स्टाफरूम असते, तिथे कुरकुर करता येते. आपण एका खोलीत, समोर एक मूल, अर्ध्या तासाने दुसरं मूल, आणि आपण शिकवतोय ते बरोबर का चूक हे सांगणारं मोठं माणूस वर्षानुवर्षं कोणी नाही. माझंच सांगते. माझ्या बऱ्याच विद्यार्थ्यांचा डाव्या हाताचा अंगठा चेलोच्या मानेवर घट्ट दाबलेला असायचा, हात सरकायचाच नाही, पोझिशन बदलायची म्हणजे रेल्वेचे रूळ बदलल्यासारखा धक्का. मी घसा कोरडा होईपर्यंत सांगायचे अंगठा सोड, अंगठा सोड. एकदा एक मैत्रीण कंटाळून माझ्या क्लासमधे कोपऱ्यात बसली होती, ती नंतर म्हणाली, अगं तू तोंडाने सोड म्हणतेस पण वाजवून दाखवताना स्वतः दाबतेस, मुलं बघून शिकतायत, ऐकून नाही. झालं. कित्येक वर्षांचं कोडं एका वाक्यात सुटलं, आणि ते वाक्य मला एरवी कोणीच सांगितलं नसतं, विद्यार्थी सांगणार नाही, पालकांना दिसणार नाही.

संघटना यासाठी असते. मोठ्या संघटना पण यातूनच उभ्या राहिल्यात. अमेरिकेतली तंतुवाद्य शिक्षकांची संघटना, ॲस्टा म्हणतात तिला, 1946 ची. युरोपातली एस्टा 1972 साली ऑस्ट्रियात ग्राट्झला सुरू झाली, मॅक्स रोस्टालच्या पुढाकाराने. रोस्टाल म्हणजे व्हायोलिनचे मोठे गुरू कार्ल फ्लेश यांचा शिष्य, स्वतः नावाजलेला वादक आणि गुरू, त्याच्याकडे विद्यार्थ्यांची रांग असणार, त्याला काय गरज होती? पण वेगवेगळ्या देशातल्या शिक्षकांनी एकमेकांचं काम बघावं, बोलावं हे त्याला महत्त्वाचं वाटलं. आणि पॉल रोलंड तर इलिनॉय विद्यापीठात 1960 च्या दशकात लहान मुलांना व्हायोलिन शिकवतानाच्या चक्क फिल्म्स काढायला लागला, शिक्षकांनी बघाव्यात म्हणून, म्हणजे खांदा कसा सुटतो, बो, म्हणजे वाजवायचा गज, कसा फिरतो, मूल कुठे आखडतं हे डोळ्यांनी दिसावं. सुझुकी म्हणून लहान मुलांना वाद्य शिकवायची एक पद्धत आहे, तिच्या शिक्षकांना विचार, त्यांच्या ट्रेनिंगमधे दुसऱ्याचे क्लास बघत बसणं हा अभ्यासाचाच भाग असतो, टाळता येत नाही.

तर माझा पहिला सल्ला हाच आणि खरं सांगायचं तर बाकीचे सगळे याच्या पोटातले आहेत. महिन्यातून एक उघडा क्लास सुरू कर. एक शिक्षक आपल्या खऱ्या विद्यार्थ्याला पंचवीस मिनिटं शिकवणार, बाकीचे गप्प बसून बघणार, मग मुलाला घरी पाठवायचं आणि त्यानंतर अर्धा तास बोलायचं. मुलाला घरी पाठवायचं हे विसरू नकोस, त्याच्यासमोर त्याच्या शिक्षकाची चिरफाड नको. मूल आणि पालक दोघांना आधी विचारायचं, आणि व्हिडिओ काढायचा नाही, कॅमेरा दिसला की शिक्षक शिकवायचं सोडून परफॉर्म करायला लागतो.

यात दोन गोष्टी मी फार चुकवल्या म्हणून सांगते. एक, पहिला क्लास मी आमच्या सगळ्यात नामवंत शिक्षकाला करायला लावला, त्यांनी सगळ्यात हुशार मुलगी आणली, तिने सुंदर वाजवलं, सगळ्यांनी वा वा केलं, आणि पुढच्या महिन्यात एकही जण पुढे येईना, कारण तसं विद्यार्थी रत्न कोणाकडे असतं? पहिला क्लास तू घे. आणि तुझ्याकडचं अडलेलं मूल आण, ज्याचा बो तारांखालच्या ब्रिजजवळून बोटांच्या बोर्डकडे घसरत जातो आणि तुला कळत नाहीये का, असं एखादं असेलच. दुसरं, चर्चेत आधी बोलणार तो शिक्षक ज्याने शिकवलं, आणि बाकीच्यांनी फक्त प्रश्न विचारायचे, 'तू तिथे थांबवलंस का नाही', 'आधी गाऊन का नाही घेतलंस' असे. 'मी असतो तर' असं सुरू होणारं वाक्य बंद. हा नियम आमच्याकडे एक ज्येष्ठ सर दर वेळी मोडायचे, मग आम्ही त्यांनाच नियम सांभाळायचं काम दिलं, तेव्हापासून इतके कडक झाले की बाकीचे घाबरायला लागले.

पहिल्या वेळी पाच जण येतील. येऊ देत. पाच जण मनापासून आले तर तिसऱ्या महिन्यात अकरा होतात, कारण हे आलेले बाहेर जाऊन सांगतात की काहीतरी मिळालं. ग्रुपवरच्या आमंत्रणाने कोणी येत नाही, फोन करून 'तुझ्याकडे ती व्हायोलावाली मुलगी आहे ना, तिला आणशील का' म्हटलं की येतात.

आता स्पर्धा. परीक्षकाच्या विद्यार्थ्याला बक्षीस म्हणजे वाद होणारच, आणि मी तर म्हणेन झाला ते बरंच झालं. त्या मुलाने कदाचित खरंच सगळ्यात चांगलं वाजवलं असेल, तो बिचारा पण भरडला गेला. परीक्षक तुमच्या विभागाबाहेरचा हवा, एवढं तर आहेच, आणि त्याच्या कागदावर मुलाचा नंबर आणि रचना एवढंच असावं, शिक्षकाचं नाव नको. पण मुळात मला विचारशील तर पहिला दुसरा तिसरा काढूनच टाक. एकाला आनंद आणि चाळीस जणांना 'आपण हरलो', आणि प्रत्येक हरलेल्या मुलामागे एक शिक्षक उभा असतो ज्याला वाटतं हा माझा निकाल लागला. संघटनेने स्वतःच्याच सभासदांना वर्षातून एकदा एकमेकांविरुद्ध उभं करायचं आणि मग मीटिंगला येत नाहीत म्हणून रडायचं याला काय अर्थ आहे?

त्याऐवजी मूल्यमापन कर. ॲस्टाकडे पण अशा पायऱ्यांच्या परीक्षा आहेत जिथे मुलाची तुलना दुसऱ्या मुलाशी होत नाही, ठरलेल्या निकषांशी होते, म्हणजे त्या पायरीला सरगमेच्या स्केल किती, सरावासाठीचं एट्यूड कोणतं, तयारी कितपत. मूल वाजवतं, परीक्षक लिहून देतो काय चांगलं होतं आणि पुढचं काम कशावर करायचं. कागदाची एक प्रत शिक्षकाला. शिक्षकाला तो कागद सोन्यासारखा असतो कारण तो बाहेरचा कान आहे. आमच्याकडे बदल केला तेव्हा चार पालकांनी आरडाओरडा केला ट्रॉफी नाही म्हणून, एक वर्षाने कोणाला आठवत पण नव्हतं. अगदीच स्पर्धा हवी असेल तर मोठ्या मुलांची वेगळी ठेव, ज्यांना पुढे ऑडिशन द्यायच्यात, त्यांना ती सवय लागते.

या दिवसाची व्यवस्था सांगते कारण इथेच सगळे घसरतात. पाच मिनिटांच्या तुकड्याला दहा मिनिटं धर. लहान मुलाचं व्हायोलिन सुरात लावायलाच दोन मिनिटं जातात, त्यात खुंटी सटकली तर संपलंच, म्हणून दाराबाहेर एक माणूस फक्त सूर लावायला बसव, आणि त्याच्याकडे हॉलमधल्या पियानोचा ए सूर हवा, फोनमधला 440 कंपनांचा नाही, पियानो जर 438 ला असेल तर फोन काय कामाचा. चेलोसाठी हात नसलेल्या खुर्च्या, आणि एक तरी बुटकी, लहान मुलाचे पाय जमिनीला टेकले नाहीत तर तो वाजवणार कसा, आणि चेलोचा जमिनीवर टेकणारा स्पाइक घसरू नये म्हणून पट्टा किंवा स्टॉप. हे लिहिताना मला हसू येतंय पण व्हायोलिनवाल्यांनी भरवलेल्या कार्यक्रमात चेलोच्या मुलाला मी सोफ्यासारख्या खुर्चीत बुडालेला पाहिलाय. आणि पियानोची साथ करणारा! त्याच्याबद्दल कोणी विचारच करत नाही. एक माणूस, चाळीस मुलं, आणि स्वरलिपी आदल्या रात्री फोटो काढून पाठवलेली, त्यात पण तिसरं पान नाही. तीन आठवडे आधी नीट स्वरलिपी आली नाही तर साथ मिळणार नाही हे छापून टाक, त्यातून दोन जणांना एकदा नाही म्हणावं लागेल, म्हण. त्याचे पैसे आधी द्यायचे, उरले तर नाही.

खोलीत परीक्षक आणि मूल एकटे नकोत. दार उघडं किंवा काचेचं, आणि आत अजून एक मोठं माणूस. यात कोणावर संशय नाही, हा नियम सगळ्यांना सारखा आहे म्हणूनच कोणाला लागत नाही. मुलांचे फोटो टाकायला पालकांची लेखी परवानगी घे, तो एक कागद प्रवेश अर्जातच घालून टाक म्हणजे मागे लागायला नको.

सामूहिक वादनाबद्दल एकच. तू लिहिलंयस की स्वरलिपीचा एक संच विकत आणून झेरॉक्स वाटता. संगीतकार विवाल्डी 1741 साली गेला, त्याच्या संगीतावर आता कोणाचा हक्क नाही, पण तुमच्या हातातली जी आवृत्ती आहे, ज्यात कोणीतरी आता बसून बोटं आणि बोइंग, म्हणजे गज कुठल्या दिशेने, लिहिलीयेत किंवा लहान मुलांसाठी सोपी करून मांडलीये, तिच्यावर असू शकतो. संघटना म्हणून तुम्ही शंभर प्रती वाटता तेव्हा ते एका शिक्षकाने एक पान काढण्यासारखं राहत नाही. एकतर सगळे भाग विकत घ्या, नाहीतर जुन्या मुक्त आवृत्तीवरून तुमच्यातल्याच कोणालातरी भाग लिहायला सांगा, व्हायोला आणि बासवाल्यांना हे काम फार आवडतं कारण मग त्यांच्या भागात फक्त लांबलचक सूर न राहता काहीतरी वाजवण्यासारखं येतं.

यावरून आठवलं. तुझ्या कमिटीत सगळे व्हायोलिनवाले आहेत ना? तू लिहिलं नाहीस पण मी पैज लावते. मग कार्यशाळा व्हायोलिनच्या, पाहुणे व्हायोलिनचे, आणि मीटिंगमधे ई स्ट्रिंगच्या किरकिरीवर अर्धा तास, जी तार व्हायोला आणि चेलोला नसतेच. ज्यांनी वर्गणी थांबवली त्या 25 मधे किती चेलो आणि बासवाले आहेत मोज. कमिटीत खालच्या सुरांचा एक माणूस आण आणि वर्षातला एक तरी उघडा क्लास बासचा ठेव, व्हायोलिनवाल्यांनी पण यावं, बो वजनाने कसा चालतो हे बासइतकं स्पष्ट कुठे दिसत नाही.

आता पळवापळवी आणि फी. ही जागा फार सांभाळून. सगळे म्हणतात नियम करा, आणि तुला वाटत असेल केला की सुटलो. अमेरिकेत म्युझिक टीचर्स नॅशनल असोसिएशन म्हणून 1876 पासूनची संघटना आहे, त्यांच्या आचारसंहितेत अगदी हेच होतं की सभासदाने दुसऱ्या शिक्षकाचे विद्यार्थी आपल्याकडे ओढू नयेत. ऐकायला किती सभ्य! 2013 साली तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे व्यापारातल्या स्पर्धेवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, त्यावर बोट ठेवलं, म्हणणं असं की शिक्षक एकमेकांशी स्पर्धा करणार नाहीत असं तुम्ही संघटनेत बसून ठरवताय, यात नुकसान विद्यार्थ्याचं आहे, आणि संघटनेला ती अट काढावी लागली. एकच फी ठरवणं हे तर त्याहून उघड. प्रत्येक देशाचे कायदे वेगळे, तुझ्या इथे काय ते एखाद्या वकिलाला विचारून घे, पण कायदा बाजूला ठेवला तरी मला हा नियम पटत नाही. मूल म्हणजे काय शेताचा बांध आहे का, इकडे सरकवला तिकडे सरकवला म्हणून भांडायला? शिक्षक बदलायचा हक्क मुलाचा आणि त्याच्या घरच्यांचा आहे, आणि कधीकधी बदलणं फार गरजेचं असतं.

नियमापेक्षा एक रीत पाड. विद्यार्थी दुसरीकडून आला तर नवीन शिक्षकाने पालकांना विचारायचं, जुन्या सरांना कळवलंय का, आणि त्यांची हरकत नसेल तर स्वतः एक फोन करायचा, 'तो आता माझ्याकडे येतोय, त्याचं काय काम चालू होतं सांगाल का'. बस. परवानगी मागायची नाही, माहिती विचारायची. बहुतेक भांडणं विद्यार्थी गेल्याची नसतात, तिसऱ्याकडून कळल्याची असतात. ही रीत कागदावर नियम म्हणून लिहू नकोस, शिक्षा तर ठेवूच नकोस, तू स्वतः दोन वेळा केलंस आणि सगळ्यांना सांगितलंस की पसरते. त्या दोघांना समोरासमोर बसवायच्या फंदात पण पडू नकोस. ते तुझं काम नाही, आणि मी तो पराक्रम केलेला आहे, दोघं माझ्यावर चिडले आणि त्या एकाच मुद्द्यावर त्यांचं एकमत झालं.

फीबद्दल लोकांना मदत हवीये हे मात्र खरंय, विशेषतः नवीन शिक्षकांना. त्यांना आकडा सांगू नका, करार कसा लिहायचा ते शिकवा. चुकलेल्या क्लासचं काय, सुट्टीचे पैसे कसे, सोडताना किती आधी कळवायचं, हे एक पान नीट असेल तर निम्मी डोकेदुखी जाते, मग आकडा ज्याचा त्याने ठरवावा.

संस्थापक सरांवर येते. ते चोर नाहीत, तू पण तसं म्हणत नाहीयेस. पण 'माझ्यावर विश्वास नाही का' हे वाक्य ऐकलं की आपण गप्प बसतो आणि मग सर उद्या आजारी पडले तर बँकेत कोणाला काहीच करता येत नाही. आमच्याकडे अगदी हे झालं, खजिनदार दवाखान्यात, हॉलवाल्याला पैसे द्यायचे होते, खातं त्यांच्या एकट्याच्या नावावर, शेवटी चार जणांनी खिशातून घातले आणि ते परत मिळायला वर्ष गेलं. म्हणून सरांशी विश्वास या शब्दावर बोलूच नकोस. त्यांना असं सांग, 'सर, उद्या कोणी तुमच्यावर बोट ठेवायला नको म्हणून दुसरी सही हवीये'. हे खरंही आहे, दुसऱ्या सहीने खजिनदाराचंच रक्षण होतं. खातं संघटनेच्या नावावर, दोन सह्या, आणि दर तीन महिन्यांनी एक पान सगळ्या सभासदांना, किती आले, किती गेले, किती उरले. वही सरांकडेच राहू दे, त्यांना ती प्रिय आहे, फक्त महिन्याला तिचा फोटो घेत जा. आणि त्यांच्याशी हे एकटीने जाऊन बोल, मीटिंगमधे नको, चारचौघात कोणीही माणूस अडूनच बसतो.

63, 38 चं काय करायचं विचारलंस. 25 जणांना एक शेवटचा साधा मेसेज, राहायचंय का, या तारखेपर्यंत कळवा, नाही आलं उत्तर तर नाव काढ, मनात काही न ठेवता. 38 खरे सभासद हे 63 खोट्यांपेक्षा सांभाळायला सोपे, आणि यादी छोटी झाली की हॉल पण छोटा लागतो.

पैसे थोडे शिल्लक असतील तर ट्रॉफ्यांऐवजी छोटी वाद्यं घ्या. ही एक गोष्ट एकट्या शिक्षकाला जमत नाही आणि संघटनेला जमते. मूल 1/8 वर सुरू होतं, मग 1/4, 1/2, 3/4 आणि मग पूर्ण, प्रत्येक माप वर्ष दोन वर्षं टिकतं आणि पालक दर वेळी नवीन घेऊन थकतात, मग मापापेक्षा मोठं घेतात 'वाढत्या अंगाचं' म्हणून, कपड्यासारखं, आणि मुलाचा डावा हात कायमचा ताणलेला. गंमत म्हणजे 1/2 म्हणजे अर्ध्या लांबीचं नसतंच, पूर्ण व्हायोलिनचं अंग साधारण 36 सेंटिमीटर तर 1/2 चं 31 च्या आसपास, पण त्या चार-पाच सेंटिमीटरमधे लहान मुलाचा खांदा मोडतो. सुरुवात चार वाद्यांनी करा. अनामत घ्या, देताना आणि परत घेताना फोटो काढा, आणि केसमधे एक कागद चिकटवा की साउंडपोस्ट, म्हणजे वाद्याच्या आत उभा असलेला छोटा लाकडी खांब, पडला तर तारा ढिल्या करा आणि वाद्य दुरुस्तीवाल्याकडे न्या, स्वतः काही करू नका. आमच्या एका पालकांनी तो आत गोंदाने चिकटवला होता. साउंडपोस्ट कधीच चिकटवलेला नसतो हे त्यांना कोण सांगणार, वाकडा होता पण पक्का चिकटला होता!

राहिला तुझा रियाज आणि सोडायचं का. आत्ता सोडू नकोस, पण तारीख ठरव. पुढच्या मीटिंगमधे सांग की मी अजून दोन वर्षं, त्यानंतर नाही, आणि माझ्या शेजारी आजपासून एक जण बसेल जो मग सेक्रेटरी होईल. तारीख नसली की लोक तुला फर्निचर समजतात. मी तारीख दिली तेव्हा पहिल्यांदा दोन जण स्वतःहून म्हणाले आम्ही काय करू. आणि कामं वाटताना 'मदत करा' म्हणू नकोस, एकाला फक्त साथीदाराच्या स्वरलिप्या, एकाला फक्त खुर्च्या आणि स्टँड, एकाला फक्त वाद्यांच्या केसेस, इतकं बारीक दे, माणसं छोटं काम घेतात आणि मग तेच वाढवतात.

ग्रुप संध्याकाळी आठनंतर म्यूट. कोणी मरत नाही. त्या वेळात चाळीस मिनिटं दार लावून वाजव, स्केल आणि मग जे आवडतं ते, मुलांचं काही नाही. आणि महिन्यातून एकदा तीन सभासदांना बोलावून क्वार्टेट, म्हणजे चौघांची रचना, वाचून वाजव, तयारी न करता, चुकत चुकत, व्हायोलासाठी ती वर्गणी न भरलेली एखादी शोध आणि तिला आजच फोन कर, वर्गणीचा विषय न काढता, फक्त विचार की मंगळवारी मोकळी आहेस का, आमच्याकडे व्हायोला नाहीये.